खेळातली शाब्बासकी

त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ मला माझ्या वडिलांनी सांगितला, आणि सांगताना ते माझ्याकडे पाहत नव्हते. गोठ्यात म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत, भिंतीकडे तोंड करून ते हळू आवाजात बोलत होते. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते कोरेगावच्या बाजूला आमच्या गावी राहत होते. गावात उसाच्या फडात, बैलांना, गड्यांना, शेजाऱ्यांना लोक सहज शिव्या घालायचे. पण आबा दारात दिसले की माझे चुलतेसुद्धा तोंड सांभाळायचे. तेच आबा त्या दिवशी म्हणाले, "वाईट चालीच्या बाईला म्हणत्यात, तसला शबुद हाय तो. पलटणीत लय ऐकलाय मी. तुझ्या पोरीनं आत्ता मला म्हटला."

माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती.

मे महिना होता. सुट्टीसाठी मी तिला सांगलीहून माहेरी घेऊन आले होते. आजोबा आणि नात पडवीत खडूने पट आखून वाघ-बकरी खेळत होते. आबा जिंकले तेव्हा तिने हसून, मान जराशी झुकवून तो शब्द म्हटला. मीही तो ऐकला होता. मी आत ताक घुसळत होते. शाळेत शिकवलेलं काहीतरी इंग्रजी असेल असं मला वाटलं. मी मराठी शाळेत शिकलेली, नंतर नर्सिंगला गेलेली. औषधांची, हाडांची इंग्रजी नावं मला पाठ होती, हा शब्द मात्र कधी कानावर आला नव्हता. आबा पटावरून उठले आणि गोठ्याकडे गेले. थोड्या वेळाने त्यांनी मला तिकडे बोलावून घेतलं.

"तिला ओरडू नगंस," ते म्हणाले. "पण तिला ह्यो कुणी म्हटला, ते इचार. शिकवला का तिलाच म्हटला, ते नीट इचारून घे."

ह्या दोन गोष्टींत काय फरक आहे ते मला गोठ्याबाहेर पडताना कळलं.

मी मिरजेला एका दवाखान्यात नर्स होते. आम्ही सांगलीत विश्रामबागेला भाड्याने राहायचो. नवरा फलटणजवळच्या साखर कारखान्यात केमिस्ट, तो आठवड्यातून एकदा यायचा. मुलगी शाळेतून दुपारी घरी यायची आणि मी ड्यूटीवरून परतेपर्यंत घरमालकांच्या घरी थांबायची. म्हणजे रोज कितीतरी वेळ ती माझ्या नजरेआड असायची. अंगणातून घरात येईपर्यंत माझ्या डोळ्यांपुढून एकेक माणूस गेला. शाळेचे रिक्षावाले काका, जे तिला पुढे आपल्या शेजारी बसवायचे. पेटी शिकवायला येणारे मास्तर. घरमालक स्वतः, जे तिला नातीसारखं वागवायचे आणि खिशातून गोळ्या काढून द्यायचे. ह्या माणसांवर मी डोळे मिटून विश्वास टाकला होता. आता प्रत्येकाचा चेहरा आठवून मी त्यात काहीतरी शोधू लागले, आणि शोधलं की सापडल्यासारखं वाटायचं. रिक्षावाले काका हसताना खाली का बघतात? मास्तर दार का लोटून घेतात?

तिला विचारण्यासाठी मी तिची वेणी घालायला घेतली. वेणी घालताना तिचं तोंड पलीकडे असतं. माझा चेहरा तिला दिसू नये असं मला वाटत होतं.

मी विचारलं, "मघाशी आजोबांना काय म्हणालीस गं?"

तिने तो शब्द पुन्हा म्हटला, अगदी स्वच्छ उच्चारात.

"त्याचा अर्थ काय?"

"शाब्बास," ती म्हणाली. "जो हरतो तो जिंकलेल्याला असं म्हणतो. आजोबा जिंकले ना."

हे तुला कोणी सांगितलं, असं विचारल्यावर ती म्हणाली, कोणी सांगितलं नाही, मला सगळे म्हणतात. कोण सगळे? खेळातले. ती इतक्या अभिमानाने सांगू लागली की माझा हात वेणीतच थांबला.

घरमालकांची मुलगी पुण्यात कॉम्प्युटरचा कोर्स करून परत आली होती. वडिलांच्या गाडीचं गॅरेज रिकामं होतं. त्यात तिने चार-पाच कॉम्प्युटर मांडले, शटरला आतून पडदा लावला, कूलर बसवला आणि बाहेर पाटी लावली. चपला बाहेर काढून आत जायचं. कॉलेजची मुलं टायपिंग करायला, निकाल बघायला यायची. एका कॉम्प्युटरला टेलिफोनची तार जोडलेली होती. खरखर, शिट्ट्या असे आवाज करत तो बराच वेळ झटायचा आणि मग इंटरनेट लागायचं. दुपारी गिऱ्हाईक नसायचं तेव्हा ती माझ्या मुलीला त्या कॉम्प्युटरवर बसवायची. लाल-काळ्या सोंगट्यांचा एक खेळ होता, समोर जगातला कोणीही माणूस असायचा. मला हे सगळं माहीत होतं. उलट मला बरं वाटायचं की पोर उन्हात भटकत नाही, चार भिंतींच्या आत, ओळखीच्या ताईपाशी बसलेली असते. शिवाय बुद्धीचा खेळ.

पटाच्या खाली एक पांढरी चौकट असायची, हे मात्र मला माहीत नव्हतं. त्या चौकटीत समोरचा माणूस टाइप करून बोलू शकायचा. माझी मुलगी ह्या खेळात फार तरबेज झाली होती. मोठमोठी माणसं तिच्याकडून हरायची आणि जाता जाता त्या चौकटीत शिवी टाकून जायची. तिने खेळात जे टोपणनाव घेतलं होतं त्यावरून ती मुलगी आहे हे कळायचं, म्हणून शिवीही तशीच. इतक्या जणांनी हरल्यावर तेच लिहिलं, तेव्हा तिने आपल्या मनाने अर्थ लावला की ही शाब्बासकी आहे.

"मग तू काय करतेस?" मी विचारलं.

"मी थँक्यू लिहिते."

मी वेणी कशीबशी पुरी केली. एका बाजूने मला सुटल्यासारखं वाटलं, म्हणजे रिक्षावाले काका, मास्तर, घरमालक सगळे निर्दोष होते. पण ते टिकलं नाही. कारण रिबन बांधताना ती म्हणाली की एक जण चांगला आहे, तो शाब्बास म्हणत नाही, तो प्रश्न विचारतो. काय प्रश्न? तू किती वर्षांची, कुठे राहतेस, घरी कोण असतं. तिने सगळ्याची उत्तरं दिली होती. सांगली लिहिलं होतं, शाळेचं नाव लिहिलं होतं. आई नर्स आहे आणि दुपारी घरी नसते, हेही लिहिलं होतं. इंग्रजी शाळेतल्या मुलीला एवढं इंग्रजी सहज जमत होतं आणि तिला वाटलं होतं की आपण निबंधच लिहितोय.

दवाखान्यात मी शिव्या रोज ऐकायचे. दारू पिऊन पडलेले, अपघातात पाय मोडलेले, बाळंतवेणांत असलेल्या बायका, सगळे आम्हाला शिव्या द्यायचे. त्याची मला भीती वाटायची नाही, कारण समोर माणूस दिसायचा. त्याला कुठे दुखतंय ते दिसायचं, आणि इंजेक्शन दिलं की तो झोपायचा. ह्या माणसांना तोंडच नव्हतं. आवाज असता तर मी पोरीच्या कानांवर हात ठेवला असता. हे तिने डोळ्यांनी वाचलं होतं, एकटीने, गुपचूप, आणि वर आभार मानले होते.

सुट्टी अर्धी टाकून आम्ही एसटीने सांगलीला आलो. आबाही बरोबर निघाले. मी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. त्यांनी पिशवी भरली आणि टोपी घालून ते ओट्यावर येऊन बसले.

घरमालकांच्या मुलीला मी सगळं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. ती तेवीस-चोवीस वर्षांची पोर, तिलाच हे मला समजावून सांगायची लाज वाटू लागली. ती म्हणाली, तो खेळ मुलांचा म्हणूनच दिलेला असतो, मी पट बघायचे, खालची चौकट कधी वाचलीच नाही. मग तिने मशीन लावलं, इंटरनेट जोडलं आणि माझ्या मुलीला बसवलं. आबा स्टूल ओढून तिच्या मागे बसले. मी दाराशी उभी राहिले. नेमकं काय होतं ते आम्हाला एकदा पाहायचं होतं.

समोरचा कोणीतरी हरायला लागला तशी चौकटीत अक्षरं उमटू लागली. घरमालकांच्या मुलीने चटकन आपला तळहात पडद्याच्या खालच्या भागावर ठेवला. तिच्या बोटांच्या फटींतून अक्षरं हलत होती. आबांनी तिचा हात बाजूला केला, चष्मा लावला आणि ओळ वाचली. त्यांचे ओठ घट्ट मिटले.

"त्याला लिव," ते तिला म्हणाले, "की ही पोर आठ वर्साची हाय."

तिने लिहिलं. बराच वेळ चौकटीत काही आलं नाही. कूलरचा आवाज तेवढा येत होता. मग एक छोटी ओळ आली. घरमालकांच्या मुलीने ती मराठीत सांगितली. तो म्हणतोय, मी नऊ वर्षांचा आहे.

खरं होतं की खोटं, कसं कळणार? मोठ्या माणसाने थट्टा केली असेल. पण ते खरं असेल असं मनात आलं आणि माझी भीती कमी होण्याऐवजी वाढली. म्हणजे हे असंच पसरत असेल. कुठल्यातरी देशात एक पोर एकटं बसलं असेल, त्याला कोणीतरी हा शब्द दिला असेल, आणि ते तो पुढे देत असेल, जसा माझ्या पोरीने आबांना दिला.

"ह्याच्या मागं कोण बसत न्हाई का रं?" आबा पडद्याकडे बघत पुटपुटले.

त्या दिवशी मी घरातली दवाखान्याची पांढरी चिकटपट्टी आणली, जखमेवर बँडेज धरून ठेवायला वापरतात ती. औषधांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून आबांनी पट्टी तयार केली आणि पडद्याच्या खालच्या भागावर, बरोबर त्या चौकटीवर बसवली. पट दिसत होता, सोंगट्या दिसत होत्या, बोलणं दिसत नव्हतं. घरमालकांच्या मुलीने माझ्या मुलीचं जुनं टोपणनाव काढून टाकलं आणि एक असं नाव दिलं ज्यातून मुलगा की मुलगी काहीच कळू नये. त्या प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं नाव मुलीला आठवत नव्हतं, नुसते आकडे आणि अक्षरं होती. तो पुन्हा आला असेल तरी आम्हाला समजलं नसतं. आबा आठवडाभर राहिले. रोज दुपारी ते स्टुलावर बसायचे. कॉलेजची मुलं त्यांच्या मिशा बघून दबून वागायची आणि आपापसातसुद्धा जपून बोलायची. मग पेरणीचे दिवस आले आणि त्यांना गावी जावं लागलं.

पुठ्ठ्याने शब्द झाकले गेले. पण पुठ्ठा लावण्याआधी तिने जी उत्तरं दिली होती ती कुठेतरी गेली होती आणि परत मागवता येत नव्हती. ड्यूटीवर असताना माझं लक्ष लागेना. सलाईन लावताना मनात यायचं, त्या माणसाला शाळेचं नाव माहीत आहे. तो परदेशात असेल तर ठीक, पण तो सांगलीतलाच असेल तर? इचलकरंजीत, कोल्हापुरात बसला असेल तर? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, एवढ्या मोठ्या जगात कोण कशाला येतंय इथवर. तो मला धीर देत होता, पण पुढच्या आठवड्यापासून त्यानेही रोज दुपारी कारखान्यातून घरमालकांकडे फोन करायला सुरुवात केली.

शाळा सुरू होऊन थोडे दिवस झाले असतील. मी दवाखान्यातून परतले तर गॅरेजचं शटर खाली होतं. दिवसाढवळ्या ते कधी बंद नसायचं. घरमालकांच्या दाराला कडी होती. आमच्या खोलीला कुलूप तसंच. मी मुलीला हाक मारली, पुन्हा मारली, उत्तर नाही. आणि फाटकापाशी एक अनोळखी माणूस स्कूटर लावून उभा होता. खांद्याला बॅग, घामाघूम. तो मला म्हणाला, "इथं त्या कॉम्प्युटरवर एक लहान मुलगी बसते ना?"

मला पुढचं नीट आठवत नाही. मी त्याच्या स्कूटरची किल्ली काढून घेतली होती हे नंतर त्यानेच सगळ्यांना सांगितलं. मी त्याला विचारत होते, तू कोण, तुला कसं माहीत, ती कुठे आहे. माझा आवाज माझा वाटत नव्हता. तो माणूस मागे सरकत होता आणि हात जोडून काहीतरी सांगत होता, ते माझ्या कानात शिरत नव्हतं. समोरच्या बंगल्यातल्या काकू बाहेर आल्या. तेवढ्यात वरून हाक आली, "आई!"

ती गच्चीच्या कठड्यावरून खाली बघत होती. वीज गेली म्हणून शटर ओढून घेतलं होतं. घरमालकीणबाईंनी वाळवणं काढायला घरमालकांच्या मुलीला आणि माझ्या मुलीला वर नेलं होतं, कारण आभाळ भरून आलं होतं. गच्चीवर वाऱ्यात त्यांना माझी हाक ऐकू गेली नव्हती. तो माणूस टेलिफोनची लाइन दुरुस्त करणारा होता. आदल्या खेपेला आला तेव्हा त्याने माझ्या मुलीला तिथे बसलेलं पाहिलं होतं, म्हणून जागेची खूण सांगत होता. मी किल्ली परत दिली आणि माफी मागितली. त्याने पाणी मागितलं आणि माझ्याकडे न बघता प्यायला. मी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

त्याच संध्याकाळी मी तिला अर्थ सांगायचं ठरवलं. पुठ्ठा लावून, नाव बदलून, फोन करून मी तिच्याभोवती कुंपण घालत होते, आणि तिला अजून माहीतच नव्हतं की कुंपण कशासाठी आहे. उद्या हेच कोणी रस्त्यात म्हणालं तर ती हसून थँक्यू म्हणेल. तांदूळ निवडता निवडता मी तिला सांगितलं की तो शब्द शाब्बासकी नाही. ती बाईला दिलेली शिवी आहे, फार घाण शिवी, आणि ती देणाऱ्याचं तोंड खराब असतं, घेणाऱ्याचं काही खराब होत नाही. आणि घर, शाळा, आई कुठे असते हे अनोळखी माणसाला कधीच सांगायचं नाही, तो कितीही गोड बोलला तरी. दुपारी मी फाटकापाशी का घाबरले तेही सांगितलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे ते माझ्यावर चिडले होते?"

"हो."

"सगळे?"

मी होकारार्थी मान हलवली.

"आणि मी आजोबांना दिली?"

"आजोबांना कळलं तुला माहीत नव्हतं ते."

ती रडली नाही. ताटातला एक खडा उचलून तिने बाजूला ठेवला. मला वाटलं होतं शब्द घाण आहे म्हणून तिला वाईट वाटेल. तिला वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. इतके दिवस इतकी माणसं आपलं कौतुक करतायत असं समजून ती चालली होती, आणि त्यातलं एकही कौतुक नव्हतं.

त्यानंतर ती कित्येक दिवस गॅरेजमध्ये गेली नाही. दुपारी घरमालकीणबाईंच्या शेजारी बसून चित्रं रंगवायची. आबांना मात्र तिने फोन लावायला सांगितला. गावात वाण्याच्या दुकानात फोन होता, तिथे निरोप देऊन आबांना बोलावून घ्यावं लागायचं. घरमालकांच्या फोनवरून ती दार लावून बोलली. काय बोलली ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही.

ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळं झालं तशी तीही जरा मोकळी झाली. त्या वर्षी सगळीकडे एकच बोलणं होतं, दोन हजार साल उजाडलं की कॉम्प्युटर बंद पडणार. मला मनातून वाटायचं, पडू देत. दिवाळीच्या सुट्टीत तिने विचारलं, मी परत एकदा खेळू का? नाही हा शब्द माझ्या जिभेवर आला होता. पण सुट्टी संपल्यावर, मोठी झाल्यावर, दुसऱ्या गावी शिकायला गेल्यावर ती विचारणार नव्हती. म्हणून मी हो म्हणाले, माझी सुट्टी असेल त्या दिवशी आणि मी शेजारी बसणार ह्या अटीवर.

पुठ्ठा तिनेच काढला. नखाने चिकटपट्टी सोडवली. काचेवर पट्टीचा पांढरा चिकट डाग राहिला होता, तो तिने फ्रॉकच्या टोकाने पुसला. फोनची खरखर झाली, पट आला, समोर कोणीतरी येऊन बसलं. ती नेहमीसारखी खेळली, ओठ दाबून, पटापट. समोरच्याच्या सोंगट्या कमी होत गेल्या तशी माझी नजर पटावरून खाली, त्या पांढऱ्या चौकटीकडे जायला लागली. तिचीही जात होती, हे मला तिच्या मानेवरून कळत होतं.

ती जिंकली. आम्ही दोघी चौकटीकडे बघत बसलो. काही आलं नाही. मग समोरचा खेळ सोडून निघून गेला.

"काहीच नाही लिहिलं," ती म्हणाली.

"बरं झालं," मी म्हणाले. माझे तळहात घामाने ओले झाले होते, ते मी साडीला पुसले.

तिने नवीन पट मागवला.